सोळा माणसं, आठ किलो : ग्रीन कॉफीच्या एका शोधनिबंधाचं प्रकरण

वजन कमी करणाऱ्या वनस्पतिजन्य गोळ्यांना पुरावा आहे का, असं विचारलं की एक ठरलेलं उत्तर येतं : ‘अभ्यासात सिद्ध झालंय.’ कुठल्या अभ्यासात, किती माणसांवर, कोणाच्या पैशाने, हे पुढचे प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. ग्रीन कॉफीच्या, म्हणजे न भाजलेल्या कॉफीच्या बियांच्या, अर्काच्या बाबतीत मात्र ते विचारले गेले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने तो अभ्यास मुळापासून तपासला आणि आपली तक्रार जाहीर केली. एखाद्या सप्लिमेंटच्या दाव्याचा असा आतपर्यंतचा माग क्वचितच मिळतो, म्हणून हे एकच प्रकरण इथे सविस्तर घेतलं आहे.

दावा

‘डायबिटीज, मेटाबॉलिक सिंड्रोम अँड ओबेसिटी’ या नियतकालिकात २०१२च्या सुरुवातीला एक शोधनिबंध आला. लेखक तिघं होते. त्यांतले जो व्हिन्सन आणि ब्रायन बर्नहॅम हे अमेरिकेतल्या स्क्रँटन विद्यापीठाचे, आणि तिसरे बंगळुरूचे. प्रयोग भारतात झाला होता. पैसा टेक्सासमधल्या अप्लाइड फूड सायन्सेस या कंपनीचा होता. ही कंपनी ग्रीन कॉफीचा अर्क तयार करून सप्लिमेंट बनवणाऱ्यांना विकत असे.

जास्त वजनाच्या १६ जणांना २२ आठवडे अभ्यासात ठेवलं होतं. प्रत्येकाला सहा-सहा आठवड्यांच्या तीन फेऱ्या : एका फेरीत अर्काचा मोठा डोस म्हणजे रोज १०५० मिलिग्रॅम, एकीत लहान डोस म्हणजे ७०० मिलिग्रॅम आणि एकीत प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली, फक्त दिसायला तशीच कॅप्सूल. दोन फेऱ्यांच्या मध्ये दोन आठवडे काहीच द्यायचं नाही. कोणाला कुठली फेरी आधी, हे गटानुसार वेगळं.

निकाल असा छापला गेला : २२ आठवड्यांत सरासरी ८.०४ किलो वजन उतरलं, म्हणजे मूळ वजनाच्या १०.५ टक्के. शरीरातलं चरबीचं प्रमाण सुमारे १६ टक्क्यांनी घटलं. १६ पैकी सहा जण नॉर्मल वजनाच्या पट्ट्यात आले. आणि खाण्यात किंवा व्यायामात सांगण्यासारखा बदल नव्हता म्हणे. मार्च २०१२मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सॅन डिएगोतल्या अधिवेशनात हे निष्कर्ष मांडले गेले आणि तिथून ते बातम्यांत पोचले.

आधी साधा हिशेब

हा आकडा शंकास्पद आहे हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही, कागद-पेन्सिल पुरते. शरीरावरची एक किलो चरबी उतरायची तर ढोबळमानाने ७७०० किलोकॅलरींची तूट लागते. आठ किलोंना जवळपास ६२,००० किलोकॅलरी झाल्या. अर्क पोटात जात होता फक्त दोन फेऱ्यांत, म्हणजे १२ आठवडे, ८४ दिवस. भागाकार केला तर दिवसाला ७०० किलोकॅलरींच्या वर जातो. उतरलेलं सगळंच वजन चरबीचं नसतं, काही पाणी आणि स्नायूही जातात. निबंधात दिलेल्या चरबीच्या टक्केवारीवरून ती वजावट मी करून पाहिली, तरी रोजची तूट ६००च्या खाली येत नाही.

रोज ६०० किलोकॅलरी म्हणजे साधारण दोन तासांची झपाझप चाल. खाणं तेवढंच, हालचाल तेवढीच, मग ही ऊर्जा गेली कुठे? एकतर शरीराने ती उष्णता म्हणून बाहेर टाकली असेल. तसं असतं तर घाम, नाडीचा वाढलेला वेग, अस्वस्थपणा दिसायला हवा होता. किंवा अन्न न पचताच बाहेर गेलं असेल. ऑर्लिस्टॅट हे औषध नेमकं हेच करतं. आहारातल्या चरबीचा जवळपास एक तृतीयांश भाग ते शोषू देत नाही, आणि त्याचे पोटावरचे परिणाम घेणाऱ्याच्या चांगले लक्षात येतात. तरी ऑर्लिस्टॅटने वर्षभरात प्लासिबोपेक्षा साधारण तीनच किलो जास्त उतरतात. अर्काने मात्र काही महिन्यांत आठ किलो, तेही विनासायास.

दुसरा हिशेब कॉफीचा. न भाजलेल्या बीत क्लोरोजेनिक आम्लं भरपूर असतात आणि भाजताना त्यांतली बरीच नष्ट होतात. ग्रीन कॉफीचं सगळं महत्त्व त्या आम्लांवर उभं आहे. पण बरीच नष्ट होतात म्हणजे सगळी नाही. नेहमीच्या भाजलेल्या कॉफीच्या एका कपातही ती ७० ते ३५० मिलिग्रॅम असू शकतात. अभ्यासातला मोठा डोस १०५० मिलिग्रॅमचा होता, आणि तो अख्खा शुद्ध क्लोरोजेनिक आम्ल आहे असं धरलं (तसा तो नसतोच) तरी ते कडक कॉफीच्या तीन कपांत सापडण्याइतकं आहे. त्याने आठ किलो उतरत असतील, तर जगभर रोज चार-पाच कप कॉफी पिणाऱ्या लाखो लोकांत हा परिणाम लपून राहिला नसता.

क्लोरोजेनिक आम्ल शरीरात काहीच करत नाही असं माझं म्हणणं नाही. यकृतातून साखर सोडायला मदत करणारं ग्लुकोज-६-फॉस्फटेज हे एन्झाइम ते प्रयोगशाळेत अडवतं. आतड्यातून साखर शोषली जाण्याचा वेग त्याने थोडा कमी होतो, असे संकेत आहेत. रक्तदाब किंचित उतरल्याचं काही छोट्या चाचण्यांत दिसलं आहे. पण काचनळीत एन्झाइम अडवणं आणि माणसाच्या कमरेचा घेर कमी होणं यांत फार मोठं अंतर आहे. २०१३ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी उंदरांना चरबीयुक्त आहाराबरोबर क्लोरोजेनिक आम्ल दिलं. वजन कमी झालं नाहीच, उलट इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद बिघडला आणि यकृतात चरबी साठली. उंदरांवरून माणसांबद्दल ठाम काही म्हणता येत नाही हे खरं. पण मग तो नियम बाजूने गेलेल्या उंदरांनाही लावायला हवा, आणि जाहिरातींत नेमका तोच विसरला जातो.

आराखड्यातली भोकं

आता निबंधाच्या रचनेकडे येतो, कारण सप्लिमेंटचे अभ्यास वाचताना सगळ्यात जास्त शिकायला मिळतं ते इथे.

प्रत्येकाला आळीपाळीने औषध आणि प्लासिबो देण्याच्या या पद्धतीला क्रॉसओव्हर म्हणतात. तिचा फायदा मोठा आहे. माणसाची तुलना त्याच्याशीच होते, त्यामुळे थोड्या माणसांत काम भागतं. पण त्यासाठी एक अट आहे : औषध थांबवलं की मोजायची गोष्ट पूर्वपदावर यायला हवी. डोकेदुखी, झोप, रक्तदाब या गोष्टी येतात. वजन येत नाही. सहा आठवड्यांत उतरलेले तीन किलो दोन आठवड्यांच्या विश्रांतीत परत चढत नाहीत. मग पुढची फेरी प्लासिबोची असेल, तर माणूस ती मुळात बदललेल्या शरीराने सुरू करतो. आधीच्या फेरीचा परिणाम आणि या फेरीचा परिणाम वेगळे काढायचे कसे?

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. क्रॉसओव्हर असल्यामुळे सलग २२ आठवडे फक्त प्लासिबोवर राहिलेला एकही माणूस या अभ्यासात नव्हता. म्हणजे ८.०४ किलो या आकड्याला तुलनाच नाही. तो सुरुवातीच्या आणि शेवटच्या वजनातला फरक आहे, औषध आणि प्लासिबो यांच्यातला नव्हे. नियमित वजन करवून घेणाऱ्या, आपल्याकडे कोणाचं तरी लक्ष आहे हे जाणणाऱ्या माणसांचं वजन प्लासिबोवरही उतरतं, हे कितीतरी चाचण्यांत दिसलं आहे. जाहिरातींनी मात्र नेमका हाच आकडा उचलला, आणि ज्या निबंधात प्लासिबो आहे त्याच्याच जोरावर उचलला, त्यामुळे तो तपासून घेतलेला वाटला.

कॅप्सूलच्या संख्येतही गफलत आहे. मोठा डोस आणि प्लासिबो दिवसातून तीनदा, लहान डोस दिवसातून दोनदा. कोणाला काय मिळतंय हे ना डॉक्टरला माहीत ना घेणाऱ्याला, असं शीर्षकात सांगणाऱ्या अभ्यासात घेणाऱ्याला निदान लहान डोसची फेरी ओळखता येत होती. आणि १६ माणसं तीन क्रमांत विभागली की एका गटात पाच-सहाच उरतात. त्यांतल्या एकाने मनावर घेऊन चालायला सुरुवात केली तरी गटाची सरासरी हलते.

यातलं काहीही लपवलेलं नव्हतं, सगळं निबंधातच होतं. छापण्याआधी तो तपासणाऱ्यांना हे का खटकलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

मूळ आकड्यांचं काय झालं

आराखडा कच्चा असणं ही एक गोष्ट, आकडे विश्वासार्ह नसणं ही दुसरी. सप्टेंबर २०१४मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने अप्लाइड फूड सायन्सेसविरुद्धची तक्रार आणि त्याच वेळी झालेली तडजोड जाहीर केली. पुढचा तपशील त्या तक्रारीतला आहे. प्रकरण तडजोडीने मिटल्यामुळे त्याची न्यायालयात पुराव्यानिशी छाननी झाली नाही, हे वाचताना ध्यानात ठेवायला हवं.

तक्रारीनुसार कंपनीने २०१० साली भारतातल्या संशोधकांना पैसे देऊन चाचणी करवून घेतली. मुख्य संशोधकाने सहभागी लोकांची वजनं आणि इतर महत्त्वाची मापं वारंवार बदलली. चाचणीचा कालावधी बदलला. कोण कधी प्लासिबोवर होतं आणि कोण अर्कावर, हेही चुकीचं सांगितलं. त्या संशोधकाला हा अभ्यास कुठे छापून आणता येईना, तेव्हा कंपनीने व्हिन्सन आणि बर्नहॅम यांना तो नव्याने लिहायला दिला. या दोघांच्या हातात एकमेकांशी न जुळणारे आकडे आले होते. तरीही ते खरे कोणते, हे त्यांनी तपासलं नाही आणि कंपनीनेही नाही.

आणखी एक बाब कमिशनने पुढे आणली. सहभागी लोकांना आहार आवरायला आणि व्यायाम वाढवायला सांगितलेलं होतं. खाण्यात-व्यायामात बदल नसताना आठ किलो, हा दाव्याचा कणाच त्याने मोडतो. वर केलेला ६०० किलोकॅलरींचा हिशेब इथे निम्मा सुटतो : ऊर्जा कुठे गेली याचं एक अगदी साधं उत्तर असू शकतं. उरलेला भाग, वजनंच बदललेली असतील तर, सोडवायची गरज राहत नाही.

कंपनीने ३५ लाख डॉलर भरायचं कबूल केलं. पुढे वजन कमी होण्याचा कुठलाही दावा करायचा तर माणसांवरच्या निदान दोन नीट आखलेल्या, नियंत्रित चाचण्या हाताशी हव्यात, अशी अटही घातली गेली. त्यानंतर, ऑक्टोबर २०१४मध्ये, व्हिन्सन आणि बर्नहॅम यांनी निबंध मागे घेतला. आकडे खरे असल्याची खात्री प्रायोजक देऊ शकत नाहीत, एवढंच कारण त्यांनी दिलं. क्रम पाहण्यासारखा आहे. नियतकालिकाच्या व्यवस्थेने चूक पकडली नाही. ती पकडली जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने, आणि विज्ञानाची दुरुस्ती तिच्या मागून आली.

शोधनिबंधाच्या लेखकांत नाव असणाऱ्याने मूळ नोंदवह्या पाहिलेल्या असाव्यात, अशी वाचणाऱ्याची साधी समजूत असते. इथे लिहिणारे एका खंडात, वजनकाटा दुसऱ्या खंडात, आणि मधल्या आकड्यांची जबाबदारी कोणीच घेतलेली नाही. स्क्रँटन विद्यापीठाचं नाव निबंधावर आलं आणि त्याने त्या आकड्यांना असं वजन दिलं जे त्यांनी कमावलेलं नव्हतं. मला या प्रकरणातली सगळ्यात काळजीची गोष्ट हीच वाटते. कारण बाहेरून वाचणाऱ्याला ती ओळखण्याचा काही मार्ग नाही. कॅप्सूल मोजता येतात, आराखडा पारखता येतो, कॅलरींचा हिशेब करता येतो. वजनाच्या रकान्यात कोणी खाडाखोड केली का, ते छापील पानावर दिसत नाही.

टीव्हीवरून दुकानात

निबंध तसाच पडून राहिला असता तर नुकसान थोडं झालं असतं. एप्रिल २०१२मध्ये तो ‘द डॉ. ऑझ शो’ या अमेरिकेतल्या लोकप्रिय कार्यक्रमात आला. मेहमेत ऑझ हे पेशाने हृदयशल्यविशारद, त्यामुळे त्यांच्या शब्दाला मान होता. पाहुणे म्हणून आलेले लिंडसी डंकन, जे स्वतः सप्लिमेंटच्या धंद्यात होते, त्यांनी अर्काची भलामण केली.

जानेवारी २०१५मध्ये डंकन आणि त्यांच्या कंपन्यांशीही कमिशनची तडजोड झाली, ९० लाख डॉलरची. त्या तक्रारीत म्हटलं आहे की कार्यक्रमाचं बोलावणं आलं तेव्हा डंकन यांना या अर्काची काही माहिती नव्हती. बोलावणं स्वीकारल्यावर, कार्यक्रम प्रसारित होण्याच्या आधी, त्यांनी तो विकायला काढला. कार्यक्रमात त्यांनी प्रेक्षकांना इंटरनेटवर नेमके कोणते शब्द टाकून शोधायचं ते सांगितलं, आणि त्याच शब्दांवर त्यांच्या जाहिराती लागल्या होत्या.

टीका झाल्यावर सप्टेंबर २०१२मध्ये त्याच कार्यक्रमाने प्रेक्षकांतल्या १०० स्त्रियांवर दोन आठवड्यांचा स्वतःचा प्रयोग केला. अर्क घेणाऱ्यांचं वजन सरासरी दोन पौंड उतरलं, प्लासिबोवाल्यांचं एक पौंड. फरक अर्ध्या किलोहूनही कमी. पाणी, मीठ, पोट साफ होणं-न होणं, पाळीचे दिवस यांनी स्त्रीचं वजन याहून जास्त वर-खाली होतं, आणि दोन आठवडे हा काळ चरबीबद्दल काही सांगायला अपुराच. तरी हा प्रयोग आधीच्या दाव्याला दुजोरा म्हणून मांडला गेला. जून २०१४मध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे सेनेटर क्लेअर मॅकॅस्किल यांनी ऑझ यांना अशा ‘चमत्कारी’ भाषेबद्दल जाहीरपणे विचारलं. आपण स्वतः ही उत्पादनं विकत नाही, असं ऑझ यांचं म्हणणं होतं. पण त्यांच्या शब्दांवर विक्री करणाऱ्यांची रांग लागलेली होती, आणि अमेरिकेच्या १९९४च्या सप्लिमेंट कायद्यानुसार या कॅप्सूल बाजारात आणण्याआधी त्यांचा उपयोग सिद्ध करावा लागत नाही.

मग उरलं काय

हा निबंध वजा केला म्हणजे ग्रीन कॉफीचा सगळा पुरावा गेला, असं नाही. २०११ साली, म्हणजे हा गाजावाजा होण्याआधी, ओनाकपोया, टेरी आणि अर्न्स्ट यांनी तोवरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला होता. तीन चाचण्यांचे आकडे एकत्र केल्यावर प्लासिबोपेक्षा सरासरी २.४७ किलो जास्त वजन उतरल्याचं दिसलं. त्याबरोबर त्यांनी हेही नोंदवलं की या सगळ्या चाचण्यांचा दर्जा खराब आहे आणि अधिक काटेकोर चाचण्या हव्यात. त्यानंतरही छोट्या, थोड्या आठवड्यांच्या चाचण्या झाल्या आहेत. पाच-सहा महिने चाललेली, भरपूर माणसांची, अर्क विकणाऱ्यांचा पैसा नसलेली चाचणी मात्र माझ्या वाचनात नाही.

अशी चाचणी अशक्य कोटीतली नाही. गार्सिनिया कंबोजिया या फळातल्या हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लाची ती १९९८ सालीच होऊन गेली. हाइम्सफील्ड आणि सहकाऱ्यांनी १३५ जणांना दोन स्वतंत्र गटांत विभागलं, १२ आठवडे दोन्ही गटांना सारखाच कमी कॅलरींचा आहार दिला, आणि एका गटाला रोज १५०० मिलिग्रॅम आम्ल. आम्ल घेणाऱ्या गटाचं वजन ३.२ किलोंनी उतरलं. प्लासिबो गटाचं ४.१ किलोंनी. प्लासिबोवर १२ आठवड्यांत चार किलो! स्वतंत्र प्लासिबो गट नसता तर हीच चाचणी ‘गार्सिनियाने तीन किलो उतरतात’ म्हणून विकली गेली असती.

१३५ ही संख्याही सहज आलेली नाही. वजनातला बदल माणसागणिक तीन-चार किलोंनी मागे-पुढे होत असतो. त्या गोंधळातून दोन किलोंचा खरा फरक विश्वासाने ओळखायचा, तर संख्याशास्त्राच्या नेहमीच्या सूत्राने एका गटात साठ-पासष्ट माणसं लागतात. १६ माणसांत असा फरक दिसला किंवा दिसला नाही, दोन्हींना फारसा अर्थ नसतो.

सध्या ग्रीन कॉफीची कॅप्सूल घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. अर्कात कॅफीन असतं आणि त्याचं प्रमाण उत्पादनागणिक बदलतं. धडधड, झोप न लागणं, चिंता वाढणं हे त्यातून होऊ शकतं, आणि रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना हे सांगायलाच हवं. शिवाय क्लोरोजेनिक आम्लाच्या मोठ्या डोसाने, दिवसाला दोन ग्रॅमच्या आसपास, रक्तातलं होमोसिस्टीन वाढल्याचं २००१च्या एका डच अभ्यासात दिसलं आहे. होमोसिस्टीनची वाढलेली पातळी हृदयविकाराच्या जोखमीशी जोडली जाते. उत्साहाने दुप्पट कॅप्सूल घेणं म्हणूनच बरं नाही.

कमिशनने घातलेली दोन चाचण्यांची अट मला योग्य वाटते आणि ती ग्रीन कॉफीपुरती राहू नये. दोन स्वतंत्र गट, प्रत्येकात साठहून जास्त माणसं, दोघांना एकच आहार, निदान सहा महिने, आणि वजनाच्या मूळ नोंदी दुसऱ्या कोणालाही तपासता येतील अशा ठेवलेल्या. एवढं झालं की ग्रीन कॉफीने किती वजन उतरतं याचा आकडा मिळेल. तो दीड किलोचा असू शकतो, शून्यही असू शकतो. आठाचा असण्यासारखं तूर्त हाती काहीच नाही.